तारिणी परत आली तेव्हा

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. आईला नाही. कारखान्यात ज्याच्या शेजारी बसून मी वर्षानुवर्षं डबा खातो, त्यालाही नाही. एकदा डॉक्टरांनी विचारलं होतं, झोप लागत नाही म्हणता, मनात काही आहे का? मी म्हटलं, कामाचा ताण आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. उद्या तुम्ही समोर आलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही — म्हणजे हाही सोपाच मार्ग झाला. सोपा मार्ग धरायची मला सवय आहे. तेच तर सांगायचंय.

सुरुवात एका मालिकेपासून होते. हसू नका — किंवा हसा, हरकत नाही. राजकन्या, धुक्यातली राज्यं, पाण्याखालचे राक्षस असं सगळं असलेली मालिका. तिच्यावरून मोठी माणसं भांडतात, एकमेकांशी बोलणं टाकतात, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खरं वाटणार नाही. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात व्हॉल्व्हची डिझाइनं करतो, दोन मुलींचा बाप आहे — आणि त्या राज्यांचे नकाशे मला अजूनही न बघता काढता येतात.

ज्या पाच इंग्रजी कादंबऱ्यांवरून ती मालिका काढली, त्या मी पहिल्यांदा वाचल्या इंजिनिअरिंगला असताना. निपाणीहून बेंगळुरूला आलो तो थेट बनशंकरीला, मावशीकडे. हॉस्टेल मिळालं होतं, पण मालूमावशी म्हणाली, "घर असताना हॉस्टेल कशाला रे?" ती लग्न होऊन इथे आली त्याला तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. तिच्या मराठीत निम्मी कन्नड असायची. काका सरकारी संशोधन संस्थेत होते. त्यांना एकच मुलगी, मैथिली, तेव्हा चौथीत असेल. पहिल्याच दिवशी तिने मला अण्णा म्हणायला सुरुवात केली, आणि तिच्या सगळ्या मैत्रिणींचाही मी अण्णाच झालो.

दुसऱ्या वर्षी काका गेले. संध्याकाळी ऑफिसच्या बसमधून उतरले आणि तिथेच कोसळले. त्यानंतर मैथिली रडली नाही. तिने बोलणंच सोडलं. शाळेत जायची, यायची, जेवायची, काही विचारलं तर मान हलवायची. मावशीला स्वतःलाच सावरता येत नव्हतं. आणि मी? मला कुणाची समजूत काढता येत नाही, तेव्हाही येत नव्हती. मी आपला ती जाड पुस्तकं उघडून संध्याकाळी पडवीत बसायचो. मग एक दिवस ती शेजारी येऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. मी वाचता वाचता मराठीत सांगायला लागलो, ती ऐकत राहिली.

त्या कादंबऱ्यांत तारिणी नावाची एक नावाडीण आहे. इरावी नावाच्या पोरक्या राजकन्येला ती धुक्याच्या नदीतून पार नेते. तिला पोहायला शिकवते, खोटं बोलायला शिकवते, उपाशी राहायला शिकवते. तिसऱ्या भागाच्या शेवटी पाठलाग करणाऱ्यांना चकवण्यासाठी तारिणी आपली नाव मुद्दाम उलट्या दिशेला वळवते आणि बुडून मरते. आम्हा वाचकांना ते पान पाठ आहे. पुढचे दोन्ही भाग त्या मरणावर उभे आहेत — इरावी दगडासारखी होते ती तिथून.

त्या पानाशी मी थांबलो, तेव्हा मैथिलीने विचारलं, "अण्णा, तारिणी परत येते ना?"

कित्येक आठवड्यांत तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. मी काय म्हणणार होतो? तुम्ही काय म्हटलं असतं?

"येते की," मी म्हटलं. "स्वल्प थांब, पुढे आहे."

आणि पुढच्या काही संध्याकाळी मी पानं उलटत उलटत तिला पुस्तकात नसलेली गोष्ट सांगितली. तारिणी वेताच्या बेटात अडकते, तिचा एक हात निकामी होतो, पण ती एका हाताने वल्हं मारत नदीच्या मुखाशी येते — आणि इरावी तिला आधी ओळखतच नाही. हे खोटं बोलल्याची मला लाज वाटत नाही. या सगळ्यात तेवढं एकच खोटं आहे, ज्याची वाटत नाही.

पुढे मैथिलीने कॉलेजच्या वयात ती पुस्तकं स्वतः वाचली. मला तोवर नोकरी लागून लग्नही झालं होतं. तिसरा भाग काखेत मारून ती घरी आली आणि दारातूनच ओरडली, "खोटारडा आहेस तू अण्णा!" हसत होती. मग जरा वेळाने म्हणाली, "पण मला तुझीच खरी वाटते."

आता आमच्या गटाबद्दल सांगायला हवं. या कादंबऱ्यांचे बेंगळुरूतले वाचक दर दुसऱ्या रविवारी सकाळी बसवनगुडीतल्या एका हॉटेलच्या माडीवर जमतात. डोसा, कॉफी, आणि इंग्रजी-कन्नड-हिंदीची खिचडी. मी त्यांच्यातला सगळ्यात जुना. कशावरून वाद निघाला की सगळे माझ्याकडे वळायचे — सर, चौथ्या भागात नेमकं काय आहे? आणि मी कॉफीचा घोट घेऊन सांगायचो. तो घोट मी मुद्दाम घ्यायचो. कारखान्यात माझ्याकडे असं कुणी वळत नाही. तिथे मी टेबलाशी बसून ड्रॉइंग तपासणारा एक माणूस आहे, माझ्या मागून आलेले माझ्या पुढे गेलेत. हे मी कारण म्हणून सांगत नाही. मला त्या माडीवर किती बरं वाटायचं, ते तुम्हाला कळावं, इतकंच.

मग मालिका होणार असं जाहीर झालं. आणि मालिका लिहिणाऱ्या लेखकांच्या गटात मैथिलीची निवड झाली.

ती तोवर जाहिराती, छोटे माहितीपट असं लिहीत होती. हे काम मिळाल्याचं तिने घरी सांगितलं, पण आत काय चाललंय ते बाहेर बोलायचं नाही अशी लेखी अट होती. ती पाळायचीही. पहिल्या पर्वाच्या वेळी मी आडून आडून किती विचारलं — हसून टाळायची. दुसऱ्या पर्वाचं चित्रीकरण संपल्यावर मात्र तिला राहवलं नाही. मावशीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती, मी पाणी भरलं का बघायला टाकीपाशी गेलो होतो. मला म्हणाली, "अण्णा, तारिणी जगलीय."

मला आधी कळलंच नाही.

मग तिने सगळं सांगितलं. ही कल्पना तिचीच. मुख्य लेखकाचा ठाम विरोध, पुष्कळ दिवस वाद, एकदा तर ती बैठकीतून उठून बाहेर आली. शेवटी दिग्दर्शकाने तिच्या बाजूने कौल दिला. "एका हाताने वल्हं मारत येते, अण्णा. तुझीच आहे ती." तिच्या हातात मावशीचं लुगडं होतं, त्यात तिने तोंड खुपसलं. रडत होती की हसत होती, सांगता येत नाही. मग म्हणाली, "कुणाला बोलू नकोस हं. बैठकीबाहेर तुला आणि प्रदीपला, दोघांनाच माहितेय."

प्रदीप म्हणजे तिचा — काय म्हणू? ठरल्यात जमा होतं. हासनचा मुलगा, त्याच मालिकेवर ध्वनिमुद्रणाचं काम करायचा. मावशीला पसंत होता. माझ्याशी तो हिंदीत बोलायचा, मध्येच एखादा मराठी शब्द शिकून आल्यासारखा टाकायचा, आणि मला अण्णा म्हणायचा.

मी त्या दिवशी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण स्कूटरवरून घरी येताना माझ्या मनात काय आलं माहितेय? आता माडीवर काय म्हणतील! मैथिलीचं काय होईल हे नाही आलं. माडीवरच्यांचं आलं.

तो भाग दाखवला गेला आणि गहजब झाला. कादंबरीची वाट लावली, मूळ लेखिकेचा अपमान केला, मालिकावाल्यांना पुस्तक कळलंच नाही. पुढच्या रविवारी माडी भरून गेली होती. कधी न येणारे लोकही आले होते. तारिणी मेलीच नाही तर चौथ्या भागात इरावी गाव का जाळते? तिच्या रागाला मूळच उरलं नाही! मुद्दा चुकीचा नव्हता. त्याला उत्तरही होतं, आणि ते तिथे बसलेल्यांपैकी फक्त माझ्याकडे होतं. जी माणसं परत येतात, ती आपल्याला ओळखू येईनाशी झालेली असतात, यानेही माणूस दगड होऊ शकतो — हे मीच तर वीसेक वर्षांपूर्वी पडवीत बसून एका मुलीला सांगितलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की, मला हा बदल आवडला. चार शब्द.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "ज्यांना मरण लिहिता येत नाही, त्यांनी ही पुस्तकं हातात घेऊ नयेत."

लोकांनी टेबलं वाजवली.

तिथे कार्तिक नावाचा एक मुलगा होता. म्हणजे मुलगा कसला, तिशीचा असेल. या कादंबऱ्यांवर त्याचं एक चॅनेल आहे, खूप लोक बघतात. तो म्हणाला की, हे लेखकांचं काम नसणारच. कंपनीतल्या कुणीतरी प्रेक्षकांचे आकडे बघून नटीला जिवंत ठेवलं असेल. आपल्याला आतली बातमी आहे, असं काहीतरी म्हणाला. आणि सगळे त्याच्याकडे वळले. मी पाहिलं — माझ्याकडे पाठ करून वळले. मी कॉफीचा घोट घेतला, पण बघायला कुणी नव्हतं.

"आकडेबिकडे काही नाही," मी म्हटलं. "एका मुलीने केलंय हे. मुख्य लेखक नको म्हणत असताना."

सगळे चेहरे परत माझ्याकडे. "सर, तुम्हाला कसं माहीत?" इथे थांबता आलं असतं. ऐकलंय कुठेतरी, म्हणता आलं असतं. पण ते चेहरे — किती दिवसांनी इतके चेहरे! मी तिचं नाव सांगितलं. आडनावासकट. ती माझी मावसबहीण आहे हे मात्र नाही सांगितलं. तेवढं भान मला होतं. भान सुटलं म्हणून तोंडातून गेलं, असं म्हणायची सोयही मी ठेवली नाही.

दुपारपर्यंत कार्तिकच्या चॅनेलवर नाव आलं. संध्याकाळपर्यंत तिचा फोटो. आणि मग जे सुरू झालं ते मी इथे लिहू शकत नाही. तिच्या दिसण्यावरून, जातीवरून, वाटेल ते. हिला पुस्तक वाचता तरी येतं का, असं लिहिणाऱ्यांची रांग लागली. तिला! कुणाबरोबर झोपून काम मिळवलं, असं लिहिलं. आमच्या गटाचा जो फोनवरचा ग्रुप आहे, तिथेही येऊ लागलं. मी त्या ग्रुपचा ॲडमिन. सगळं पुसून टाकता आलं असतं, लिहिणाऱ्यांना काढून टाकता आलं असतं. मी लिहिलं — मित्रांनो, कृपया भाषा जपून वापरा. आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं.

कुणीतरी मावशीच्या घरचा नंबर शोधून काढला. मावशी अजून लँडलाइन वापरते. तिने मला कारखान्यात फोन केला. "अरे, कोण मुलं सारखी फोन करतायत. मैथूबद्दल घाण घाण बोलतात. मी म्हटलं, राँग नंबर असेल, तर माझं नाव घेऊन बोलतात रे. कोण आहेत ही? काय केलंय हिने?" मी म्हटलं, वायर काढून ठेव मावशी. सत्तरीला आलेल्या बाईला मी तांत्रिक सल्ला दिला.

मैथिलीचं काम गेलं. मुख्य लेखकाशी झालेला वाद बाहेर फुटला होता, म्हणजे अट मोडली होती, आणि मोडणारी तीच, हे उघड होतं. तिने काही वाद घातला नाही. पुढे दोन-तीन ठिकाणी तिचं जमत आलेलं फिसकटलं. हिच्या पोटात काही राहत नाही, असं तिच्याबद्दल बोललं जायचं. जिने आयुष्यात एकदा, फक्त एकदा, दोनच माणसांना सांगितलं — तिच्याबद्दल.

तुम्हाला वाटत असेल, हेच सांगायचं होतं. मलाही पुष्कळ दिवस तसं वाटायचं. नाव फोडलं, हा माझा गुन्हा, असं मी मनाशी म्हणत आलो. पण नाही. ते बढाईच्या भरात झालं. अशा चुका माणसांकडून होतात आणि कधी कधी माफही होतात. मी अजून तिथे पोहोचलो नाही. पोहोचायला नको वाटतंय.

त्या आठवड्यातच ती माझ्या घरी आली. शनिवारची दुपार. बायको मुलींना घेऊन नृत्याच्या क्लासला गेली होती. मैथिली स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, नेहमीसारखी. मी चहा टाकला. ती बराच वेळ काही बोलली नाही — काका गेल्यावर गप्प बसायची तशी. मग म्हणाली, "अण्णा, बैठकीबाहेर हे फक्त दोघांना माहीत होतं."

माझी पाठ होती तिच्याकडे. आता ती विचारणार. तिने विचारलं असतं, तू सांगितलंस का? तर मी हो म्हटलं असतं — असं मी स्वतःला कित्येकदा सांगितलंय. पण तिने विचारलंच नाही. तिच्या मनात तो प्रश्न आलाच नव्हता. "तू तर सांगणार नाहीस," ती म्हणाली. "म्हणजे प्रदीपच. तो नाही म्हणतोय. शपथा घेतोय. तुला काय वाटतं, अण्णा?"

चहा वर येत होता. मी गॅस बारीक केला. कप काढले, गाळणं शोधलं. मला वेळ मिळाला होता, हे तुम्ही लक्षात घ्या. पुरेसा वेळ होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, कुणी टेबल वाजवणार नव्हतं. खिडकीतून समोरच्या बाल्कनीतली बाई मिरच्या निवडताना दिसत होती. मी विचार केला. आणि मग शांतपणे म्हणालो —

"प्रदीप चांगला मुलगा आहे. मुद्दाम नाही करणार तो. पण त्याचे मित्र कसे आहेत, तुला माहितेय. बोलता बोलता निघून गेलं असेल."

वाचा ते वाक्य पुन्हा. किती समजूतदार आहे! त्यात त्याची निंदा नाही. उलट त्याची बाजू घेतलीय. त्याने मुद्दाम केलं नाही, असंही म्हटलंय. आणि त्यातच त्याने केलं, हेही पक्कं करून टाकलंय. इतकं बेतलेलं वाक्य मी दुसरं कधी बोललो नाही.

मैथिलीने मान हलवली. म्हणाली, "तेच वाटत होतं मला." चहा पूर्ण प्यायली. कप धुऊन ठेवला.

हे सांगायचं होतं.

पण हेही पूर्ण नाही. प्रदीप मला भेटायला आला. कोरमंगलाहून पीण्यापर्यंत, भर दुपारी, मोटारसायकलवरून सगळं शहर ओलांडून. मी गेटबाहेर आलो तर हेल्मेट काखेत धरून उभा, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर उभे राहिलो. त्याने मोडक्या मराठीत सुरुवात केली, मग हिंदीवर गेला. "अण्णा, मी नाही सांगितलं. आईची शपथ घेतो. ती फोन उचलत नाही. तुमचं ती ऐकते. एकदा फक्त सांगा तिला, की माझं एकदा ऐकून घे. दुसरं काही नको."

तो मला असा बघत होता, जणू मी घरातला मोठा माणूस आहे. तो खरं सांगतोय हे सगळ्या जगात नक्की माहीत असलेला माणूस मी एकटा होतो, आणि तो नेमका माझ्याकडेच आला होता. मी म्हटलं, "सरी, ठीक आहे. बोलतो मी."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

मी बोललो नाही. काही दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "मी खूप समजावलं रे. ती ऐकायला तयार नाही." तो म्हणाला, "तुम्ही प्रयत्न केलात, अण्णा. थँक्स." नंतर तो हैदराबादला गेल्याचं कळलं. मला त्याचा नंबर अजून पाठ आहे, पण मी लावलेला नाही.

मालिकेचं पुढे काय झालं, तेही सांगतो, कारण त्यातही मी आहे. तिसरं पर्व आलं, चौथं आलं. तारिणीला आपण ओळखलं नाही, या गोष्टीने इरावी आतून करपत जाते, असं त्यांनी पुढे नेलं. म्हणजे मैथिलीने आखून ठेवलं होतं तसंच, नाव मात्र दुसऱ्यांचं. हळूहळू लोकांचं मत फिरलं. कार्तिकने तासभराचा एक व्हिडिओ केला, पुस्तकापेक्षा मालिकेने जे चांगलं केलं त्यात सगळ्यात वर तारिणीचं परतणं. माडीवर त्याबद्दल चर्चा झाली. मूळ कल्पना कुणाची होती, हे एकालाही आठवलं नाही. आणि कुणीतरी मला विचारलं, सर, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, "विचार केला तर योग्यच होतं ते." मी अजून त्या माडीवर जातो. अजून लोक माझ्याकडे वळतात.

मैथिली आता बनशंकरीतच एका शाळेत इंग्रजी शिकवते. मुलांना आवडते. लिहीत नाही. मी एकदा विचारलं, का लिहीत नाहीस? तर म्हणाली, "लिहायचं म्हणजे आधी कुणाला तरी सांगावं लागतं, अण्णा. आता मी कुणाला मनातलं सांगत नाही. तुला सोडून."

आणि मला ती खरोखर सगळं सांगते. शाळेतल्या कटकटी, मावशीचं दुखणं, कधी कधी प्रदीपबद्दलही. एकदा म्हणाली, "तो खरं बोलत असेल का रे? कधी कधी वाटतं." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला सगळं पुसून काढता आलं असतं त्या क्षणी — नाही, पुसता आलं नसतं, पण निदान त्या माणसाला तरी मोकळं करता आलं असतं. मी म्हटलं, "जाऊ दे ना आता. कशाला उकरतेस?"

मी का सांगत नाही तिला? तिला त्रास होईल म्हणून, असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. तिचं आता कोण आहे, एक अण्णा तेवढा उरलाय, तोही गेला तर — असं. ऐकायला छान वाटतं. खरी गोष्ट इतकीच आहे की, तिच्या नजरेतला अण्णा मला आवडतो. मला तो सोडवत नाही. त्याच्यासाठी मी तिचं लिहिणं घेतलं, प्रदीप घेतला, आणि लागलं तर आणखीही घेईन, असं माझं मला दिसतंय.

गेल्या संक्रांतीला मावशीकडे जेवायला होतो. मैथिलीच्या शाळेतली एक नवीन शिक्षिका आली होती, मंगळुरूकडची. बोलता बोलता मालिकेचा विषय निघाला आणि तिला कळलं की, ज्या मुलीच्या मागे लोक लागले होते ती हीच. ती बिचारी कावरीबावरी झाली. म्हणाली, कसं सहन केलंस तू? मैथिली पोळीवर तूप घालत होती. हसली. तिला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली की, त्या वेळी सगळे पळाले, ओळख द्यायला कुणी तयार नव्हतं — आणि माझ्याकडे बोट करून पुढचं मराठीत, माझ्यासाठी, "आमचा अण्णा तेवढा उभा राहिला."

त्या बाई माझ्याकडे आदराने बघायला लागल्या. माझ्या दोन्ही मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मावशीने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "अण्णाला आणखी एक पोळी वाढ गं."

मी ताट पुढे केलं.